वस्तऱ्याआधीचे तेल

हजामतीपूर्वी गालांना तेल चोळावे, म्हणजे वस्तरा लोण्यावरून फिरावा तसा फिरतो, असे सांगणाऱ्या काचेच्या लहान कुप्या शहरांतील दुकानांतून हल्ली सर्रास दिसतात. आणि नागपुरास जे आज खपते ते यथाकाल पारशिवनीस येते, या शिरस्त्यास अनुसरून त्या आमच्या तालुक्याच्या बाजारातही उद्या आल्यास नवल नाही. कुपीतील जिन्नस निरुपयोगी आहे, असे माझे म्हणणे नाही. उलट हा उपचार सर्वस्वी सयुक्तिक आहे. किंबहुना आपल्याकडच्या न्हाव्याला तो बाहेरून कोणी येऊन शिकवावा, यातच थोडा विनोद आहे, कारण दिवाळीच्या पहाटे यजमानांच्या अंगाला तेल लावण्याचा मान गावोगाव त्याच्याचकडे असे. चरकाने सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात अभ्यंगाचे गुण सांगितले आहेत आणि केस, श्मश्रू व नखे कापण्याचेही. परंतु एकाचा दुसऱ्याशी संबंध त्याने जोडलेला नाही, हे कुपीवर ‘प्राचीन’ अशी मोहोर उठवू पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे. माझा वाद आहे तो तेलाला मिळणाऱ्या श्रेयाविषयी. दाढीचे केस मऊ होतात ते पाण्याने.

केसातील केराटिन हे द्रव्य कोरडे असताना चिवट असते. परंतु कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटे भिजले की तेच पाणी शोषून फुगते, आणि मग पात्याला लागणारा जोर पुष्कळच कमी होतो. तेलाला हे साधत नाही. तेलाचे काम निराळे आहे : साबणाचा फेस वस्तऱ्याच्या पहिल्याच फटक्याबरोबर निघून जातो आणि कारागीर त्याच जागेवरून दुसरा हात फिरवतो, त्या वेळी उघड्या पडलेल्या कातडीवर जो पातळ स्निग्ध थर उरतो, त्यामुळे पाते अडखळत नाही आणि नंतरची आग टळते. म्हणून क्रम असा की, आधी साबणाने तोंड धुऊन कातडीवरचा तेलकटपणा काढावा, खुंट नीट भिजू द्यावेत, ओलसर गालांवरच तेलाचे तीन-चार थेंब चोळावेत आणि त्यावर फेस करावा. कोरड्या गालाला आधीच तेल फासले, तर पाण्याची वाट अडते; आणि थेंबांऐवजी पळीभर तेल ओतले, तर फेस उठतच नाही, मग गिऱ्हाईक साबणाला दोष देते. नागपूर शहराला पाणी पुरवणारा नवेगाव खैरीचा पेंच जलाशय आमच्याच तालुक्यात असला, तरी तालुक्यातील ज्या गावांचा भार विहिरीवर किंवा बोअरवर आहे, तेथील जड पाण्यात साबणाचा फेस होण्याऐवजी साकाच जमतो. अशा ठिकाणी तेलाचा उपयोग अधिक, हे मान्य केले पाहिजे.

तेल कोणते, हा खरा प्रश्न आहे, आणि विदर्भात तो थोडा नाजूक आहे. जवस हे आमच्याकडचे जुने पीक. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात त्यावर आजही संशोधन चालते, आणि जवसाच्या चटणीवाचून कित्येक घरांत जेवण पुरे होत नाही. घरचे, घाणीचे, स्वस्त म्हणून कोणी हेच तेल दाढीला लावील, तर मात्र पस्तावेल. जवसाचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून हळूहळू घट्ट होते, आणि याच गुणामुळे खिडक्यादारांच्या रोगणात त्याला शतकानुशतके मान आहे. पण जो गुण लाकडाला तारक, तोच वस्तऱ्याच्या सांध्यात चिकट राळ धरण्यास कारणीभूत होतो. रसायनशास्त्रज्ञ हा स्वभाव आयोडीन अंकाने मोजतात : जवसाचा अंक 170 च्या पुढे जातो, एरंडेलाचा 80 ते 90 च्या दरम्यान राहतो, आणि खोबरेलाचा जेमतेम 10 च्या आसपास. एकटे एरंडेल फार दाट. सबब तीन भाग खोबरेल आणि एक भाग एरंडेल, हे मिश्रण पुरेसे आहे. पौषाच्या थंडीत खोबरेल बाटलीतच थिजते, तेव्हा त्याच्या जागी तिळेल घ्यावे. ज्यांच्या गालांवर पुटकुळ्या उठतात त्यांनी मात्र खोबरेल टाळावे, कारण त्याने रंध्रे बुजण्याचा संभव असतो. या सगळ्या तरतुदीला किराणा दुकानापलीकडे जावे लागत नाही.

हाताचे कौशल्य मात्र दुकानात मिळत नाही. तेल लागलेली कातडी बोटांखालून निसटते, आणि कातडी ताणून धरल्याखेरीज वस्तरा चालवणे म्हणजे जखमेला निमंत्रण. म्हणून जाणता कारागीर डाव्या हाताची बोटे तुरटीच्या ओल्या खड्यावर घासतो, मग पकड बसते. धोकटी, चामोटी आणि पिढीजात पोलादी वस्तरा आता बहुतेक इतिहासजमा झाले आहेत. जिलेट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 1904 साली ज्या दुधारी पात्याच्या यंत्राचे पेटंट मिळवले, त्यामुळे माणसाला घरच्या घरी दाढी करणे सोपे झाले आणि न्हाव्याची गरज कमी झाली. आज त्याच घडणीचे पाते मधोमध मोडून न्हाव्याच्या वस्तऱ्यात बसवले जाते, हा काळाने उगवलेला मार्मिक सूड होय. कावीळ ब आणि एचआयव्हीच्या भीतीने प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे अर्धे पाते घेण्याचा रिवाज पडला, तो उत्तमच झाला. तीच दक्षता तेलालाही लागू करावी : वाटीत बोटे बुडवू नयेत, बाटलीतूनच थेंब सोडावेत, आणि पाते बसवण्याची खाच स्पिरिटने पुसून घ्यावी.

हे सर्व ठाऊक असूनही दुकानात होत नाही, याचे कारण अज्ञान नव्हे, घाई आहे. बाजाराच्या दिवशी बाकड्यावर पाच जण ताटकळत असताना आणि दाढीचे पैसे पिढ्यान्‌पिढ्या काटकसरीनेच मोजले जात असताना, कारागिराने एकाच तोंडावर तीन मिनिटे पाणी जिरवत बसावे, ही अपेक्षा बाळगणे अन्यायाचे आहे. शेकडो रुपयांची कुपी विकत घेऊन घरच्या फडताळात ठेवण्यास जो मनुष्य मागेपुढे पाहत नाही, तोच दुकानात पाच रुपयांसाठी हुज्जत घालतो. भिंतीवरच्या दरपत्रकात ‘कटिंग’ आणि ‘दाढी’ या ओळींखाली ‘भिजवून, तेल लावून दाढी’ अशी तिसरी ओळ दुकानदारांनी खुशाल घालावी, तिचा मोबदला दहा-वीस रुपये अधिक ठेवावा, आणि तो आपण निमूटपणे द्यावा.