पाऊस बघायला येणारे आणि पावसात राहणारे : शिळफाट्यावरून दिसणारं पर्यटन

जून संपत आला की शनिवार-रविवारी शिळफाट्यावर गाड्यांची रांग लागते. जुना मुंबई-पुणे महामार्ग इथून खोपोलीत शिरतो आणि पुढे बोरघाट चढतो. पेण-पालीकडे जाणारेही इथूनच वळतात. कुणाला धबधबा हवा असतो, कुणाला महडचा वरदविनायक, कुणाला २०१३ साली सुरू झालेलं इमॅजिका, तर कुणाला नुसती गरम कांदाभजी आणि चहा. मुंब्रा, कुर्ला, भिवंडी, गोवंडीहून आपल्या समाजातली कुटुंबंही आता मोठ्या संख्येने येतात. बुरख्यातल्या आज्या, कडेवर लेकरं, डब्यात बिर्याणी. वीस वर्षांपूर्वी हे चित्र क्वचित दिसायचं. बाया-मुलं घराबाहेर पडतात, देश बघतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण या आनंदाचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा, कारण त्याची किंमत दरवर्षी कुणीतरी मोजतंय.

बंदी म्हणजे नियोजन नव्हे

दर पावसाळ्यात कर्जत-खालापूरच्या धबधब्यांवर आणि धरणांवर जमावबंदीचे आदेश निघतात. आधी कलम १४४ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्याचं कलम १६३ आहे. कलमाचा आकडा बदलला, पद्धत तीच राहिली. अपघात झाला की फलक लागतो, पोलीस उभे राहतात, दोन आठवड्यांनी सगळं सैल पडतं. एका धबधब्यावर अडवलं की लोक किलोमीटरभर पुढे जाऊन अनोळखी ओढ्यात उतरतात. तिथे तर फलकही नसतो आणि दोर टाकणारंही कुणी नसतं.

३० जून २०२४ चा रविवार आपल्या समाजाने विसरू नये. घाटाच्या वर, लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या ओढ्यात पाणी एकाएकी वाढलं आणि एकाच कुटुंबातली एक महिला आणि चार मुलं वाहून गेली. मधोमध एकमेकांना धरून उभ्या असलेल्या त्या माणसांचा व्हिडिओ देशभर फिरला. हळहळ सगळ्यांनी व्यक्त केली. काहींनी मात्र 'यांना कळत नाही का' म्हणत नावावरून टोमणे मारले. पाणी नाव विचारून येत नाही.

आम्ही शाळेत भूगोल शिकवतो. डोंगराच्या माथ्यावर पाऊस पडला की पाणी खाली पोहोचायला थोडा वेळ लागतो. म्हणजे खाली ऊन असलं तरी वरचं पाणी वाटेत असू शकतं. पाणी गढूळ झालं, काड्या-पाला वाहून येऊ लागला, आवाज बदलला, की सामान सोडून काठावर यायचं. एवढी साधी गोष्ट सहलीच्या आधी पाच मिनिटांत सांगता येते. ती आपण कुठे सांगतो?

डोंगर कुणाचं घर आहे

पर्यटकाला हिरवा डोंगर दिसतो. त्या डोंगरावर माणसं राहतात हे आपल्याला फार उशिरा कळतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर आदिवासींची ही वाडी. गाडीरस्ता नसल्याने मदतकार्य करणाऱ्यांना चिखलातून डोंगर चढून जावं लागलं. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. इरशाळगडावर जाणाऱ्या ट्रेकर्सची वाट याच वाडीतून जायची. शहरातल्या माणसाला वाट मिळाली, फोटो मिळाले. वाडीला साधा रस्ता मिळाला नाही. पर्यटनाचा पैसा कुठे जातो, हा प्रश्न इथे नुसता अर्थशास्त्राचा उरत नाही.

शेजारचं माथेरानही हेच सांगतं. नेरळ-माथेरानची छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली. ती उभारली अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी, आणि पैसा त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांचा. खर्च सुमारे १६ लाख रुपये. आपल्या मुलांना हे माहीत असायला हवं, कारण महाराष्ट्राच्या पर्यटनाच्या इतिहासात आपलाही हात लागलेला आहे. पण त्याच माथेरानमध्ये, जिथे मोटारींना बंदी आहे, तिथे माणूस माणसाला बसवून रिक्षा ओढत राहिला. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा आणि ई-रिक्षा आणा असा आदेश दिला. ज्याने आयुष्यभर रिक्षा ओढली, त्याच्याच हातात ई-रिक्षाचं हँडल यायला हवं. नाहीतर घाम त्याचा आणि परवाना दुसऱ्याचा, असं व्हायचं.

ताटावर नाव कुणाचं

आता खाण्याचं. द्रुतगती मार्ग आल्यापासून मोठ्या गाड्या फूड मॉलवर थांबतात. जुन्या रस्त्यावरच्या टपऱ्या-धाब्यांकडे उरलं ते शनिवार-रविवारचं गिऱ्हाईक. या रस्त्यावर वडापाव, मिसळ, तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कोंबडीचा रस्सा आणि बिर्याणी एकाच फाट्यावर मिळते. भजी तळणारा एका समाजाचा, चिकन पुरवणारा दुसऱ्या, भाजी आणणारी वाडीवरची. या साखळीत नाव विचारायला सुरुवात झाली तर पहिला फटका छोट्यालाच बसेल.

ही भीती उगाच नाही. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाणावळींना मालकाचं नाव लावायला सांगितलं गेलं. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली. कोणतं अन्न मिळतं ते लिहा, मालक-नोकरांच्या नावाची सक्ती नको, असा त्याचा अर्थ. हा निकष आम्हाला शहाणपणाचा वाटतो. शाकाहारी माणसाला ताटात काय आहे हे कळायचा हक्क आहे. आपल्यालाही गोश्त हलाल आहे का हे विचारायचा हक्क आहे. प्रश्न ताटाचा आहे तोवर तो रास्त आहे. तो माणसावर गेला की धंदाही बुडतो आणि तहजीबही.

आणि हे दोन्ही बाजूंनी पाळायला हवं. 'आपल्यातलाच' म्हणून फक्त ठरावीक हॉटेलातच थांबायचं आणि दुसऱ्याने तसंच केलं की तक्रार करायची, हे न्यायाचं नाही.

मग करायचं काय?

सरकारचं काम सरकारने करावं. धबधब्यांची यादी करून सुरक्षित ठिकाणी वाडीवरच्या तरुणांना प्रशिक्षण आणि मानधन देऊन जीवरक्षक नेमावं, माफक प्रवेशशुल्क घेऊन ते ग्रामपंचायतीला द्यावं, धोक्याची ठिकाणं खरोखर बंद करावीत. बंदी सगळीकडे घातली की ती कुठेच राहत नाही.

समाजाचं काम समाजाने करावं. पावसाळ्यात जुम्याच्या नमाजनंतर मशिदीतून दोन मिनिटांची सूचना देता येईल. सहल काढणाऱ्या मंडळांनी आणि शाळांनी स्थानिक वाटाड्या घ्यावा, एका बाजूची जेवणं तरी गावातल्या चुलीवरची घ्यावीत. डिस्पोजेबल प्लेटा आणि बिर्याणीचे डबे ओढ्यात टाकून यायचे नाहीत. रस्त्यातली त्रासदायक वस्तू दूर करणं हे आपल्या दीनमध्ये ईमानाचं काम मानलं आहे, मग आपणच ती टाकून कसे येऊ?

जकात कुणाला द्यायची त्या आठ हकदारांमध्ये मुसाफिरही आहे. मुसाफिराचा हक्क इतका मोठा मानला, तर ज्याच्या दारातून तो जातो त्या माणसाचाही काही हक्क असणारच. इरशाळवाडीच्या उरलेल्यांचा, माथेरानच्या रिक्षावाल्याचा, शिळफाट्याच्या भजीवाल्याचा. येणारा पावसाळा त्यांना विसरून साजरा करायचा की त्यांना सोबत घेऊन, हे गाडीत बसण्याआधीच ठरवायला हवं.