बांध ओलांडण्याआधी

येत्या १ ऑक्टोबरपासून वन्यजीव सप्ताह सुरू होईल. शाळांत चित्रकलेच्या स्पर्धा होतील, मुलं पट्टेदार वाघ रंगवतील, वन खात्याची माणसं गावोगाव पत्रकं वाटतील. हे व्हायलाच हवं. पण कोरेगाव तालुक्यातल्या मुलाच्या घराजवळ वाघ नाही. त्याच्या घराजवळ ससा आहे, तितर आहे, लाव्हरी आहे. मोर-लांडोर, घोरपड, साळिंदर, खोकड आहेत आणि उसाच्या फडात रानडुक्कर आहे. यातले थोडे जरंडेश्वराच्या आणि नांदगिरीच्या उतारावर राहतात. बाकीचे वसना आणि तिळगंगेच्या काठच्या खासगी रानात, बांधावरच्या घाणेरीत, ओढ्याकडेच्या बाभळींत, पड टाकलेल्या माळावर. त्यांना आसरा शेतकऱ्याचा आहे, आणि त्यांना मारायला येणारा माणूस आधी त्या शेतकऱ्याचा बांध ओलांडतो. वन्यजीव सप्ताहाच्या भाषणांत या बांधाचा उल्लेख नसतो. म्हणून आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

घेवडा निघाला, बाजरी काढली, रान मोकळं झालं, थंडी पडू लागली की शिकारीच्या रात्री सुरू होतात. वस्तीवरची कुत्री एकदम भुंकायला लागतात. पाणंदीत गाडी उभी राहते, बॅटरीचा झोत उसाच्या पानांवरून फिरतो, चार-सहा माणसं आणि त्यांची कुत्री शेतात शिरतात. कुणाकडे वाघर असते, कुणाकडे छर्ऱ्याची बंदूक, कुणाकडे ठासणीची. काही जण दिवसाच येऊन ओढ्याच्या वाटेवर क्लच वायरचे फास लावून जातात. वस्तीवर बहुधा म्हातारा-म्हातारीच असतात, मुलगा पुण्या-मुंबईला. ती दोघं दार लावून घेतात आणि सकाळी शेतात जाऊन काय तुडवलं गेलं ते बघतात.

तुडवलं जातं ते सातारी आलं. आल्याचा गादीवाफा हलक्या हाताने सांभाळायचा असतो. त्यावरून माणसं आणि कुत्री धावली की कोंब मोडतात, माती दबते, पाणी साचतं आणि मागून कंदकूज येते. लागवडीपासून काढणीपर्यंत एकरी लाखांत पैसा घातलेलं हे पीक असतं. ठिबकच्या नळ्या पायाखाली फुटतात, आणि पाणी सोडलं की शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचत नाही तेव्हा ते कळतं. ज्याच्या नशिबी हे येतं तो नुकसानीचा हिशेब कुणाकडे मांडणार? पंचनामा अतिवृष्टीचा होतो, गारपिटीचा होतो, रानडुकराने केलेल्या नासाडीचाही होतो. शिकाऱ्याने तुडवलेल्या वाफ्याचा पंचनामा झाल्याचं कुणी ऐकलं आहे का?

आणि पिकापेक्षा मोठी गोष्ट जिवाची आहे. शेतीपंपाला वीज रात्रीची मिळाली की शेतकरी मध्यरात्री उठून, डोक्याला बॅटरी बांधून, उसात पाणी द्यायला उतरतो. अंधारात हलणारं पान आणि चमकणारं काहीतरी, एवढंच बंदूकवाल्याला दिसतं. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या टोळीने आपल्याच सोबत्याला डुक्कर समजून गोळी घातली आणि तो जागीच गेला. ते सगळे एकमेकांना ओळखत होते, एकाच कामाला निघाले होते. मग जो शेतकरी त्यांना ठाऊकच नाही, जो आपल्या दारे धरण्याच्या कामात आहे, त्याला कोण ओळखणार? रानडुकरासाठी पेरलेला गावठी बॉम्ब चरायला सोडलेल्या गाईच्या तोंडात फुटतो. तारेच्या फासात धन्याचंच कुत्रं अडकून मरतं.

कायदा याबाबत कच्चा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधनं घातली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून हौसेची शिकार करण्याची वाट पूर्ण बंद केली. ठार मारणं तर सोडाच, जाळं लावणं, फास मांडणं, हाकारा घालून जनावर उठवणं, आमिष ठेवणं आणि यातलं काही करण्याचा प्रयत्न करणंही कायद्याच्या भाषेत शिकारच आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. ससा किंवा रानडुक्कर मारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मोर आणि घोरपड पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्यासाठी किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आणि कमीत कमी पंचवीस हजारांचा दंड.

एवढं पुष्कळांना माहीत असतं. पुढचं फार थोड्यांना माहीत आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ नुसार, गुन्हा करण्याच्या किंवा ताबेदाराला धमकावण्याच्या, त्रास देण्याच्या हेतूने दुसऱ्याच्या ताब्यातल्या मालमत्तेत शिरणं हे फौजदारीपात्र अतिक्रमण आहे आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. नुसता वाट चुकून शेतात आलेला माणूस यात बसत नाही, बसूही नये. पण शिकार हाच गुन्हा असल्यामुळे, शिकारीसाठी शेतात टाकलेलं पहिलं पाऊलही गुन्ह्याच्या हेतूने टाकलेलं असतं. ससा हाती लागला नाही तरीही, बंदूक उडाली नाही तरीही. शिकारी एका रात्रीत दोन गुन्हे करतो, एक जनावराविरुद्ध आणि एक शेतकऱ्याविरुद्ध. आपण आजवर फक्त पहिला मोजत आलो. त्यामुळे शेतकरी आपल्याच शेतातल्या गुन्ह्यात बघ्या ठरला, फार तर साक्षीदार. तो फिर्यादी आहे ही गोष्ट त्याला कुणी सांगितली नाही आणि त्यालाही ती कधी वाटली नाही.

शेतात भटक्या जनावराने तोंड घातलं तर काय करायचं याचा कायदा १८७१ पासून आहे आणि कोंडवाडा म्हणजे काय हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. बांधाच्या कोराकोरीवरून भावाभावांत तीन-तीन पिढ्यांचे दावे चालतात, रस्ता अडवला म्हणून तहसीलदारांपुढे १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली अर्ज होतात. जमिनीच्या हक्काबाबत आपला समाज झोपलेला नाही. फक्त रात्रीच्या गाडीपुढे तो गप्प होतो. भीती हे त्याचं एक कारण आहे. दुसरं कारण असं की शिकारीला अजून मानाचं वलय आहे.

हे वलय आपल्या मातीतलंच आहे. साताऱ्याहून कोरेगावला येताना कृष्णा ओलांडताना संगम माहुली लागते. तिथे छत्रपती थोरल्या शाहू महाराजांची समाधी आहे आणि जवळच त्यांच्या खंड्या कुत्र्याची. वाघाच्या शिकारीत खंड्याने महाराजांचा जीव वाचवला अशी कथा आहे. महाराजांना शिकारीची विलक्षण आवड होती आणि त्या काळी ती राजाच्या पराक्रमाची खूण होती. पण त्याच राजघराण्याचा दुसरा वारसाही आठवायला हवा. शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ छावणीला असलेल्या आपल्या लष्कराला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. दाणा, वैरण, भाजीपाला लागेल तर बाजारातून विकत घ्या, कुणब्याच्या घरचं काही ओरबाडू नका, नाहीतर रयतेला मोगल बरे वाटू लागतील, असा त्याचा आशय. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याबद्दल तीच शिस्त सांगितली: आंबा-फणसाची झाडं रयतेने पोटच्या मुलांसारखी वाढवलेली असतात, त्यांना हात लावू नका, आणि एखादं जीर्ण झाड घ्यायचंच असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्या. राज्याच्या रक्षणासाठी उभ्या असलेल्या लष्कराला आणि आरमाराला जे बंधन होतं, ते शनिवारी रात्री हौसेने गाडी काढणाऱ्याला का नसावं?

आपल्या गावगाड्यात मालकी म्हणजे काटेरी तार आणि कुलूपबंद फाटक असं कधीच नव्हतं. वाटसरूने शेतातलं कणीस, शेंग पोटापुरती खावी याला कुणाची हरकत नसायची. फलटण-माण भागातला धनगर दरवर्षी शेकडो मेंढरं घेऊन येतो. पण आधी मालकाच्या वस्तीवर येतो, रामराम घालतो, किती रात्री बसवायची आणि त्याबदली धान्य किती, पैसा किती हे ठरवतो, मगच मेंढरं रानात आणतो. ज्याच्याकडे स्वतःची गुंठाभर जमीन नसेल तो माणूसही विचारतो. विचारण्याची ही रीत इथल्या मालकीहक्काचं खरं रूप आहे आणि आम्हाला ती तारेच्या कुंपणापेक्षा मोलाची वाटते. रात्रीच्या गाडीने ती मोडली आहे.

शिकाऱ्याने विचारलं तर? काही मालक हो म्हणतील, म्हणतातही. कुणाला ओळख मोडवत नाही, कुणाला वाट्याला येणाऱ्या मटणाची आशा असते, आणि पुष्कळांना रानडुकराने खरोखर जेरीस आणलेलं असतं. पण शेत आपलं असलं तरी त्यातला ससा आपला नसतो. वन्यप्राणी कायद्याने सरकारची मालमत्ता आहे. जी परवानगी मालकाच्या हातातच नाही ती तो देऊ शकत नाही, आणि दिली तर गुन्ह्याला साह्य केल्याची जबाबदारी त्याच्यावरही येऊ शकते.

युरोपात परिस्थिती उलटी आहे, म्हणून तिथलं एक उदाहरण बघण्यासारखं आहे. फ्रान्स आणि जर्मनीत शिकार कायदेशीर आहे, तिच्या संघटना जुन्या आणि प्रबळ आहेत. फ्रान्समध्ये १९६४ च्या कायद्याने अनेक भागांत छोट्या जमीनमालकांना आपली जमीन शिकार संघटनेला खुली करावी लागे. जर्मनीत ७५ हेक्टरांपेक्षा कमी जमीन असेल तर मालक आपोआप अशा संघटनेचा सभासद होई. ज्यांना शिकार मनापासून अमान्य होती असे काही छोटे मालक भांडत भांडत स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले. १९९९ मध्ये फ्रेंच मालक जिंकले, २०१२ मध्ये एक जर्मन मालक जिंकला आणि पुढे जर्मनीला कायदा बदलावा लागला. सरकार, कायदा आणि बंदुकांचे परवाने विरुद्ध बाजूला असताना तिथल्या छोट्या मालकाचा शब्द टिकला. आपल्याकडे कायदा शेतकऱ्याच्या बाजूने उभा आहे आणि शेतकरी मात्र दाराआड.

दोन गोष्टी इथे सांगितल्याच पाहिजेत. पहिली रानडुकराची. पिकाचं नुकसान खरं आहे आणि त्यावर उपाय मिळालाच पाहिजे. जीवित किंवा उभ्या पिकाला धोका झालेल्या जनावराबाबत वन अधिकाऱ्याने लेखी परवानगी देण्याची तरतूद कायद्यात आहे, नुकसानभरपाईचीही सोय आहे. अर्ज पडून राहतात, भरपाईला हेलपाटे घालावे लागतात, हा शेतकऱ्याचा राग रास्त आहे आणि वन खात्याने तो या सप्ताहात ऐकून घ्यावा. पण हौशी टोळी डुकराचा बंदोबस्त करायला येत नाही. जे समोर येईल ते, ससा, लांडोर, पिलावळ असलेली तितरी, ती मारून नेते.

दुसरी गोष्ट पारधी समाजाची. शिकारी म्हटलं की पुष्कळांचं बोट आधी त्यांच्याकडे जातं. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो पुढे मुंबई इलाख्यातही आला, आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द होईपर्यंत त्याने माणसांना जन्मतःच चोर ठरवलं. शिकारबंदीने या समाजाचं पोटाचं साधन गेलं आणि त्याजागी दुसरं काही पुरेसं उभं राहिलं नाही. गाड्या, महागड्या बॅटऱ्या आणि शिकारी कुत्री बाळगून जे लोक मौजेसाठी येतात त्यांचं पाप पालावरच्या माणसावर ढकलणं हा आणखी एक अन्याय होईल. गावाने तो करू नये.

या हंगामाआधी काय करता येईल? ग्रामसभेत ठराव करून पाणंदीच्या तोंडाला आणि ओढ्याच्या वाटेला फलक लावता येतील: खासगी शेत, शिकार हा गुन्हा, रात्री प्रवेश नाही. जैवविविधता व्यवस्थापन समिती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी. ती कागदावर असेल तर तिला फास शोधून काढण्याचं काम द्या, शाळेची मोठी मुलं आणि तरुण मंडळं सोबत येतील. पोलीस पाटलांना गुन्ह्याची खबर देण्याचं कर्तव्य कायद्यानेच दिलेलं आहे. वस्तीवर राहणाऱ्या आजी-आजोबांना कुणाला फोन करायचा हे आत्ताच सांगून ठेवावं: पोलिसांचा ११२, वन खात्याचा १९२६. बंदूक हातात असलेल्या माणसाला अंधारात एकट्याने कुणीही अडवायला जाऊ नये. गाडीचा नंबर, वेळ, दिशा टिपावी, सकाळी पायाचे ठसे, काडतुसं, तुटलेल्या नळ्या यांचे फोटो काढावेत आणि पोलीस ठाण्यात जाऊन शिकारीची खबर देताना अतिक्रमणाची तक्रारही आपल्या सहीने द्यावी.

त्यानंतर काय होतं हे तालुक्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. संध्याकाळपर्यंत कुणीतरी पाहुणा, कुणीतरी पुढारी वस्तीवर येतो, चहा घेतो आणि म्हणतो, दादा, पोरं आहेत, मिटवून घ्या. अतिक्रमणाच्या गुन्ह्यात तडजोड करण्याचा अधिकार कायद्याने फक्त ज्याच्या ताब्यात ते शेत आहे त्यालाच दिलेला आहे, त्या पाहुण्याला नाही आणि पुढाऱ्यालाही नाही. आणि वन्यप्राण्याच्या शिकारीचा गुन्हा मिटवणं तर शेतकऱ्याच्या हातातच नाही. त्याने तेवढंच सांगावं आणि सही मागे घेऊ नये.