क्रोशाच्या सुईवर कारले, झुरळ आणि बरेच काही



भोर तालुक्यातील भोंगवलीहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "माझी धाकटी मुलगी क्रोशे शिकली. आधी तिने घरातल्या सगळ्या पुरुषांसाठी नमाजच्या टोप्या विणल्या. आम्हाला फार आनंद झाला. पण आता तिने कारले विणले, झुरळ विणले, मटणाची नळीसुद्धा विणली! तिची दादी म्हणते, हा इसराफ आहे, धागा फुकट जातो. मुलगी रुसून बसते. तिला काय सांगावे?"

दादींची काळजी रास्त आहे. उधळपट्टी आपल्याला मना आहे आणि धागा काही फुकट मिळत नाही. पण जे विचित्र दिसते ते निरुपयोगीच असते, असे मात्र नाही.

विणकामाच्या अगदी जुन्या नमुन्यांत इजिप्तमध्ये सापडलेले निळ्या-पांढऱ्या सुताचे मोजे आहेत. मुस्लिम राजवटीतल्या कारागिरांचे ते काम. स्पेनमध्ये बुर्गोस शहराजवळ लास उएल्गास नावाचा ख्रिस्ती मठ आहे. तेथे १२७५ मध्ये वारलेल्या फर्नांदो दे ला सेर्दा या राजपुत्राच्या कबरीत एक विणलेली उशी मिळाली. एका इंचात सुमारे वीस टाके, इतके बारीक काम! ती मुस्लिम कारागिरांनी विणली असे अभ्यासक मानतात, कारण तिच्या काठावर अरबी अक्षरांत 'बरकत' हा शब्द विणलेला आहे. ख्रिस्ती राजपुत्राच्या डोक्याखाली मुस्लिम हातांनी विणलेली दुआ. कबरीत ठेवायची उशी विणणे त्या काळीही कुणाला विचित्र वाटले असेल.

आजही अशा वस्तू कमी नाहीत. ऑस्ट्रेलियात समुद्रात तेल सांडले की छोटे पेंग्विन त्यात माखतात आणि पिसे साफ करताना ते तेल त्यांच्या पोटात जाते. म्हणून त्यांना धुईपर्यंत घालायला लोकांनी चिमुकले स्वेटर विणले. आपल्याकडे मथुरेजवळ, वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेने सोडवून आणलेल्या हत्तींसाठी २०१७ च्या थंडीत गावातल्या बायकांनी भलेमोठे लोकरीचे कपडे विणले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात डाइना टाइमिना या गणिताच्या प्राध्यापिका होत्या. भूमितीतला एक वक्र पृष्ठभाग विद्यार्थ्यांना दाखवायचा होता, पण त्याचे कागदी नमुने फाटत. १९९७ मध्ये त्यांनी तो क्रोशाने विणला. युक्ती सोपी आहे. दर ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवत जायचे. विणकाम आपोआप झालरीसारखे दुमडते आणि गणित हातात येते. कारल्याच्या अंगावरचे उंचवटे विणणारी मुलगीही टाके वाढवण्या-घटवण्याचा हाच हिशेब शिकत असते.

आता जिच्याविषयी बोलायला आपण कचरतो, त्या वस्तूकडे येऊ.

भारतातल्या बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. उपचारात काही जणींचा पूर्ण स्तन काढावा लागतो. जीव वाचतो, पण नंतरचे दुःख ती बाई कुणाला सांगत नाही. "बुरख्याआड कुणाला दिसते?" असे घरचे म्हणतात. पण तिला स्वतःला दिसते. बायकांच्या मैफिलीत ती ओढणी पुढे ओढून, खांदा झुकवून बसते. बाजारात सिलिकॉनचा कृत्रिम स्तन मिळतो, पण त्याला हजारो रुपये लागतात. तो जड असतो आणि उन्हात त्याखाली घाम साचतो. शेतात वाकून काम करणारीला तो सोसत नाही.

यावर उपाय निघाला तो क्रोशाच्या सुईतून. अमेरिकेत बार्बरा डेमोरेस्ट यांच्यावर २०११ मध्ये अशी शस्त्रक्रिया झाली. सुताने विणलेला हलका स्तन त्यांना सोयीचा वाटला आणि त्यांनी इतर बायकांना असे स्तन मोफत पुरवण्याचे काम उभे केले. आपल्या महाराष्ट्रात मुंबईची साईशा इंडिया फाउंडेशन ही संस्था हेच काम करते. स्वयंसेविका घरी बसून विणतात आणि गरजू बहिणींना ते विनामूल्य मिळतात.

विणायला लोकर घेत नाहीत, ती कातडीला टोचते. मऊ सुती धागा घेतात. मध्यापासून गोल सुरू करून फेरीफेरीने टाके वाढवतात, मग वाटीसारखा आकार देतात. आत हलका कापूस भरतात. मागच्या बाजूने तो कमी-जास्त करता येतो, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या होतात. गाठी कातडीला लागू देत नाहीत. नेहमीच्या ब्रेसियरमध्ये तो बसतो आणि हाताने धुता येतो. मात्र जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांना विचारूनच तो वापरायचा.

ज्या मुलीला गोल टोपी येते, तिला हे सहज जमेल. टोपीसुद्धा मध्यापासूनच सुरू होते, टाके वाढतात आणि मग कडा खाली उतरते. तेव्हा आईने मुलीला रागावू नये. महिन्याच्या धाग्याला खर्चाची मर्यादा घालून द्यावी आणि त्यातला अर्धा तिच्या मनाप्रमाणे वापरू द्यावा. झुरळ विणताना हात बसतो, तोच हात उद्या कुणाच्या कामी येतो. दादींनाही हे समजावून सांगा. कदाचित त्याच चष्मा लावून शेजारी बसतील.

आणि एक गोष्ट सुईपेक्षा महत्त्वाची. स्तनातली गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून बायका ती लपवतात आणि उशीर होतो. लवकर कळले तर पुष्कळदा पूर्ण स्तन काढावा लागत नाही. तीस वर्षांवरील स्त्रियांची तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमात मोफत आहे. गावातल्या आशाताईंना विचारा आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. एकटीला संकोच वाटत असेल तर नणंद, जाऊ, शेजारीण, कुणालाही सोबत घ्या. तिचीही तपासणी होऊन जाईल.