‘सेटलमेंट’ : मिटले कोणाचे, मिटवले कोणी?

धुळ्याच्या बाजारपेठेतून पांझरा ओलांडून देवपुरात येणाऱ्या माणसाच्या कानावर ‘सेटलमेंट’ हा इंग्रजी शब्द दिवसभरात किती निरनिराळ्या अर्थांनी पडतो, याची कोणी नोंद ठेवली तर ती उद्बोधक ठरेल. वधुपिता चौकशी करतो की मुलगा पुण्याला ‘सेटल’ झाला आहे ना. बँकेचा वसुली अधिकारी थकबाकीदार शेतकऱ्याला ‘सेटलमेंट’ करून मोकळे होण्याचा सल्ला देतो. विमा प्रतिनिधी कपाशीचा ‘क्लेम सेटल’ झाल्याचे सांगतो. लोकन्यायालयात भाऊबंदांचा बांधाचा तंटा ‘सेटल’ होतो. कामगाराची थकलेली देणी कारखान्याच्या दारात ‘सेटल’ होतात. आणि याशिवाय एक अर्थ असा आहे की जो चारचौघांत कोणी उच्चारीत नाही. मुंबईच्या बोलीने त्याला ‘मांडवली’ असे रोखठोक नाव दिले आहे.

एका शब्दाला अनेक अर्थ असणे हा काही अपराध नव्हे. परंतु मराठीत यांपैकी जवळजवळ प्रत्येक अर्थाला स्वतंत्र शब्द आहे, आणि त्या शब्दांतील फरक हा व्यवहारातील फरक आहे. जमाबंदी सरकार करते. करार दोन पक्ष करतात. निवाडा तिसरा देतो. तडजोडीत दोघेही काही सोडतात. समेटात मने जुळावी लागतात. वसाहत कोणीतरी वसवतो आणि पुनर्वसन आधी उठवलेल्यांचे होते. यातला कोणताही शब्द उच्चारला की कोणी काय केले हे ऐकणाऱ्याला कळते. ‘सेटलमेंट’ म्हटले की प्रकरण संपले, एवढेच कळते. ते कोणी संपवले, कोणाच्या संमतीने संपवले आणि कोणाच्या पदरात काय पडले, हे सारे त्या एका शब्दाखाली झाकून जाते. सत्तेला हा शब्द इतका प्रिय का, याचे उत्तर येथे आहे.

या क्रियापदाच्या मुळाशी जुन्या इंग्रजीतील ‘आसन’ या अर्थाचा शब्द आहे. बसणे, बसवणे हा त्याचा मूळ आशय. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात गोरे लोक ‘सेटल’ झाले असे इतिहासाची पुस्तके सांगतात, तेव्हा ते कोणाच्या आसनावर बसले हा प्रश्न उरतोच. ऑस्ट्रेलियात इंग्रज आले तेव्हा ती भूमी कोणाचीच नव्हती, हे कायद्यातील गृहीत तेथील सर्वोच्च न्यायालयाने नाकारायला १९९२ साल उजाडावे लागले.

खानदेशाला हा शब्द फार पूर्वीपासून परिचयाचा आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि हा मुलूख कंपनीच्या ताब्यात गेला. बंगालमध्ये १७९३ साली कॉर्नवॉलिसने जो कायमधारा लागू केला, त्याचे इंग्रजी नाव ‘पर्मनंट सेटलमेंट’. मुंबई इलाख्यात जमीनदार नव्हता, म्हणून रयतवारी आली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ पासून इंदापूर तालुक्यात मोजणी व आकारणीची जी पद्धत घालून दिली, ती ‘सर्व्हे सेटलमेंट’ म्हणून पुढे इलाखाभर नेण्यात आली. जमिनीची प्रत लावायची, सारा ठरवायचा आणि तो तीस वर्षे कायम ठेवायचा, असे तिचे स्वरूप होते.

ही ‘सेटलमेंट’ खानदेशात आली तेव्हा शेतकऱ्याने तिचे स्वागत कसे केले? १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत शेतकरी मोजणीविरुद्ध उठले. मोजणीपाठोपाठ साराही वाढणार, ही त्यांची धास्ती होती. लष्कर आणून तो उठाव मोडण्यात आला, पुढाऱ्यांना पकडण्यात आले आणि मोजणी पुढे चालू झाली. प्रारंभीचे दर अनेक ठिकाणी पूर्वीपेक्षा हलके होते, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. परंतु मुदत संपल्यावर इंदापुरासारख्या तालुक्यांत फेरआकारणी झाली आणि सारा मोठ्या प्रमाणात वाढला. शिवाय सारा रोखीने भरायचा आणि जमीन गहाण टाकण्याजोगी झालेली, यांमुळे शेतकरी सावकाराच्या दारी गेला. १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत कर्जरोख्यांच्या होळ्या झाल्या, त्यामागे ही परिस्थिती होती. आपल्या पूर्वजांनी या प्रकाराला ‘जमाबंदी’ म्हटले, म्हणजे सरकारची जमा बांधून घेणे. हा शब्द इंग्रजी शब्दापेक्षा अधिक प्रामाणिक होता. रयतेचे काही मिटले, असा आव त्यात नव्हता.

सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा यांच्या वाट्याला हाच शब्द आणखी कठोर होऊन आला. १८७८ च्या आणि त्यानंतर १९२७ च्या वन कायद्याने जंगल राखीव करण्यापूर्वी ‘फॉरेस्ट सेटलमेंट ऑफिसर’ नेमण्याची पद्धत घातली. १९२७ च्या कायद्याप्रमाणे हा अधिकारी जाहीरनामा काढतो आणि किमान तीन महिन्यांच्या मुदतीत ज्याचा हक्क असेल त्याने लेखी वा समक्ष दावा सांगावा असे फर्मावतो. जो हक्क कोणी सांगितला नाही, तो पुरेसे कारण दाखवता आले नाही तर नष्ट होतो. ज्याला अक्षरओळख नाही, कचेरी कोणत्या दिशेला आहे हे ठाऊक नाही, त्या माणसाचे मौन म्हणजे त्याची संमती असे कायद्याने ठरवले. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन एका जाहीरनाम्याने सरकारी झाली आणि कसणारा ‘अतिक्रमक’ ठरला. कागदोपत्री मात्र हक्कांची ‘सेटलमेंट’ झाली होती.

सोलापूरकरांना या शब्दाचा तिसरा अर्थ ठाऊक आहे. १८७१ च्या आणि पुढे १९११ व १९२४ च्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांना तारेच्या कुंपणात ठेवण्याच्या जागेचे नावही ‘सेटलमेंट’. हजेरी द्यायची, परवान्यावाचून बाहेर जायचे नाही आणि गिरणीला स्वस्त मजूर म्हणून राबायचे. भटक्यांना ‘स्थिर’ करण्याचा हा उदात्त कार्यक्रम होता! ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. विमुक्त तो दिवस आजही पाळतात. वस्तीला मात्र लोक अद्याप ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखतात.

यावर असे म्हटले जाईल की हा सारा इंग्रजी अमदानीचा इतिहास झाला. तेव्हा स्वतंत्र भारताकडे वळू. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने ‘सेटलमेंट’ची व्याख्या केली आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही तो शब्द कायम आहे. येथे त्याचा अर्थ मालक आणि कामगार यांच्यातील लेखी करार असा आहे. कामगार संघटित असेल, तर असा करार हा त्याचा विजयच असतो. धुळे-अमळनेरच्या गिरणी कामगारांच्या जुन्या पिढीला हे सांगावे लागले नसते. परंतु करार करण्याचा अधिकार कोणाला, हे ठरवणारा कायदा निराळाच होता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने तो केवळ मान्यताप्राप्त ‘प्रातिनिधिक’ संघटनेला दिला. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले, तेव्हा लाखो कामगार एका बाजूला आणि ‘सेटलमेंट’चा कायदेशीर हक्क दुसऱ्या बाजूला अशी स्थिती झाली. तो संप मागे घेतल्याची रीतसर घोषणाही कधी झाली नाही.

शेतकऱ्याचे उदाहरण अधिक ताजे आहे. २०१७ च्या राज्य कर्जमाफी योजनेत दीड लाखांवर थकबाकी असलेल्यांसाठी ‘एकवेळ समझोता योजना’ होती. दीड लाखांवरील सारी रक्कम शेतकऱ्याने आधी भरायची, मग सरकार दीड लाख देणार. ज्याच्याजवळ पैसा नाही म्हणून तो थकला, त्यानेच आधी पैसा आणायचा. याउलट ८ जून २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने काढलेल्या परिपत्रकाने हेतुपुरस्सर कर्ज बुडवणाऱ्यांशी आणि घोटाळ्यात अडकलेल्या कर्जदारांशीही तडजोडीची ‘सेटलमेंट’ करण्याची मुभा बँकांना दिली. फौजदारी कारवाईला बाधा येऊ नये असे त्यात म्हटले आहे, हे खरे. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी तरीही त्याला विरोध केला, आणि तो योग्यच होता. शब्द दोन्हीकडे एकच आहे. एकीकडे मात्र कर्जदाराला अट घातली जाते आणि दुसरीकडे त्याच्यासाठी दार उघडले जाते.

नर्मदेच्या काठीही हेच घडले. लवादाने डिसेंबर १९७९ मध्ये निवाडा दिला आणि चार राज्यांचा पाण्याचा तंटा मिटला. त्या वेळच्या धुळे जिल्ह्यातील, आज नंदुरबारमध्ये असलेल्या अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बुडितात जाणार होती. त्या गावांतील आदिवासी त्या तंट्यात पक्षकार नव्हते. जमिनीचा चतुर्थांशाहून अधिक भाग गमावणाऱ्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन, हे कलम निवाड्यात होते. परंतु ते कलम मणिबेलीपर्यंत पोचवण्यासाठी अनेक वर्षे लढा द्यावा लागला आणि ‘घोषित’ व ‘अघोषित’ प्रकल्पग्रस्त असा नवा भेद सरकारी दप्तरात जन्माला आला.

आता दोन आक्षेपांचा विचार करावा लागेल. चळवळीतील काही मंडळी म्हणतात, पोटाचे प्रश्न समोर असताना शब्दांचा कीस काढण्यात वेळ कशाला दवडायचा? त्यांनी तीन महिन्यांचा तो जाहीरनामा आठवावा. तेथे शब्दानेच जमीन गेली. दुसरा आक्षेप भाषाशुद्धीवाल्यांचा. ते म्हणतात, इंग्रजी शब्द काढा आणि ‘समझोता’ म्हणा, म्हणजे झाले. परंतु एकतर्फी अटींना ‘समझोता’ म्हणणे ही इंग्रजीतली लबाडी मराठीत आणणे होय. शब्दाच्या पोटात समाजाचा इतिहास असतो, असे सांगणारे इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये याच धुळ्यात निवर्तले. त्यांच्या गावाने तरी भाषेचा प्रश्न केवळ पाट्यांपुरता मानू नये.

जे एकदा ‘सेटल’ झाले ते पुन्हा उघडता येत नाही, हे तर साफ खोटे आहे. १९७२ मध्ये शहाद्याच्या आदिवासींनी बळकावलेल्या जमिनींचा प्रश्न ऐरणीवर आणला. सावकार आणि बडे बागायतदार यांच्या मते ते व्यवहार केव्हाच मिटलेले होते. राज्याला १९७४ मध्ये आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा करावा लागला. २००६ च्या वनाधिकार कायद्याने तर जुन्या वनव्यवस्थेत आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे उद्देशिकेतच मान्य केले, आणि दावे तपासण्याचा पहिला अधिकार ग्रामसभेला दिला. त्या कायद्याच्या अंमलासाठी मार्च २०१८ मध्ये हजारो आदिवासी शेतकऱ्यांना नाशिकहून मुंबईपर्यंत चालत जावे लागले, हेही विसरता येत नाही.

म्हणून कार्यकर्त्याने बँकेत, कचेरीत, कारखान्याच्या दारात किंवा लोकन्यायालयात ‘सेटलमेंट’ हा शब्द ऐकला की सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हा करार आहे, तडजोड आहे, निवाडा आहे की नुसती वसुली? त्यात कोणी काय सोडले? आणि ज्याचे नुकसान होणार तो बैठकीला हजर होता काय? लोकन्यायालयाच्या निवाड्यावर अपील नसते, हेही त्याने आपल्या माणसाला आधी सांगावे. अधिकाऱ्याने मराठीत उत्तर द्यावे, असा आग्रह धरावा. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने राज्य शासनाच्या कचेरीत तो आग्रह धरण्याचा आधार दिलेला आहे. तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत अंगठा वा सही देऊ नये, आणि प्रकरण मिटले असे कोणालाही म्हणू देऊ नये.