नर्सरीला मैदान नको का?



नर्सरी प्रवेशाच्या रांगा आणि फीचे आकडे आपल्या वृत्तपत्रात गेला आठवडाभर छापून येत आहेत. त्यावर पालकांची पत्रेही भरपूर आली. फी परवडत नाही, बस महाग, गणवेश शाळेतूनच घ्यावा लागतो. सगळ्या तक्रारी रास्त. पण ‘शाळेला मैदान आहे का?’ हे एकानेही विचारलेले दिसले नाही.

माझा नातू साडेतीन वर्षांचा आहे. त्याच्या नर्सरीतून सोमवारी व्हॉट्सॲपवर निरोप आला : ‘पालकांच्या आग्रहास्तव’ रोजचा खेळाचा तास यापुढे फक्त शनिवारी, इतर दिवशी त्या वेळात लेखनसराव. खाली पालकांनी उंचावलेल्या अंगठ्यांची माळ!

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी आणि त्यातली ६० मिनिटे तरी धाप लागेल अशी असावी, असे त्यांत म्हटले आहे. आमची नर्सरी भरते तीन तास, म्हणजे नेमकी १८० मिनिटे. शनिवार सोडला तर ती सगळी बाकावर. उरलेला दिवस दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, ‘उड्या मारू नकोस, खालचे ओरडतात’ हे ऐकत. मग ही १८० मिनिटे पोराने आणायची कुठून? मोबाइलमधून?

लेखनाची घाई झालेल्यांनी मुलाच्या मनगटाचा एक्स-रे पाहावा. मनगटात आठ हाडे असतात. जन्मतः ती सगळी कूर्चा असते आणि तिसऱ्या वर्षाच्या सुमारास त्यांतली जेमतेम तीन एक्स-रेत दिसू लागतात. अशा हाताने चार रेघांच्या वहीत पानभर ‘अ’ गिरवायचा! नातू पेन्सिल मुठीत धरतो, खांद्यापासून सगळा हात ओढतो आणि पाचव्या ‘अ’ला कागद फाडतो. खांदा, दंड, मनगट यांत आधी जोर यावा लागतो आणि तो लोंबकळून, चढून, माती कालवून येतो. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

बरे, खेळ म्हणजे नुसता दंगा असेही नाही. ‘तळ्यात-मळ्यात’ आठवा. कान देऊन ऐकायचे, ‘तळ्यात’ म्हटले की आत, ‘मळ्यात’ म्हटले की बाहेर उडी घ्यायची आणि फसवा पुकारा आला की उचललेला पाय आवरायचा. वर्गात बाई ज्यासाठी घसा कोरडा करतात ते लक्ष आणि तो ताबा इथे फुकट शिकून होतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचे काम उभे केले, ते खेळ, गाणी आणि हातांना काम यांवरच. ऐंशी वर्षांनी आपण लाखभर रुपये मोजून मुलांना बाकाला खिळवतो!

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला खेळाचे मैदान हवे, असे स्पष्ट लिहिले आहे. पण तो कायदा ६ ते १४ वयाचा. म्हणजे ज्या वयात मूल सर्वांत जास्त धावते, त्याच वयात मैदानावर त्याचा हक्क नाही. म्हणून तर इमारतीच्या तळमजल्यावरही नर्सरी थाटता येते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वयाचा पायाभूत टप्पा खेळातून शिकण्याचा मानला आहे. तो कागदावरून उतरायचा असेल, तर राज्य शासनाने मोकळ्या जागेविना नर्सरीला परवानगीच देऊ नये.

आणि जाता जाता आमच्या सोसायटीबद्दल. बागेत ‘धावू नये, चेंडू खेळू नये’ अशी पाटी आहे. ती लावून घेणारे बहुतेक माझ्याच वयाचे, सकाळी तिथे हास्यक्लब भरवणारे. यांचे मोठ्याने हसणे आरोग्य आणि पोरांचे ओरडणे तेवढे ध्वनिप्रदूषण! येत्या वार्षिक सभेत ती पाटी उतरवण्याचा ठराव मी मांडणार आहे. पालकांनीही निदान शनिवारपुरता उरलेला खेळाचा तास रोजचा करून मागावा. अंगठे त्यासाठी उंचवावेत.

— एक आजोबा, कोथरूड, पुणे