चौकटीबाहेरचा सावकार

मिलान नगरीचा चित्रकार फ्रान्चेस्को लोंदोनिओ (१७२३–१७८३) याची एचिंग्ज पाहताना प्रथम मन प्रसन्न होते. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप द्यायचा, त्यात सुईने रेषा ओढायच्या आणि उघड्या पडलेल्या धातूला आम्लाने खाऊ द्यायचे, अशी या छापचित्रांची रीत. त्या सूक्ष्म रेषांतून गाई, शेळ्या, मेंढ्या आणि त्यांच्या सोबतीचे गुराखी विलक्षण जिवंत उतरले आहेत. शेळीच्या अंगावरची लव दिसते. दिसत नाही तो जमिनीचा मालक. खंड, कर, कर्ज यांची सावलीही त्या कुरणावर पडत नाही. शहरातील धनिकांच्या आवडीनिवडीवर पोसलेल्या कलेत ती पडावी तरी कशी?

हा प्रश्न आम्हांला दूरच्या इटलीपुरता वाटत नाही. आमच्या कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हेही मूळचे चित्रकारच. महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे त्यांनी १९२५ साली, नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून, 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. त्यातला तरुण शेतकरी (भूमिका व्ही. शांताराम यांची) सावकाराच्या पायी जमीन गमावतो आणि शहरात जाऊन गिरणीकामगार होतो. देवादिकांच्या आणि राजांच्या कथांना सरावलेल्या पडद्यावर शेतकरी आला, हे मोठेच. पण त्याच्याबरोबर सावकारही चौकटीत आला, हे आम्हांला अधिक मोलाचे वाटते.

कागलच्या आनंद यादवांची 'झोंबी' (१९८७) याही पुढे जाते. शाळेसाठी तळमळणाऱ्या मुलाला रानात जुंपणारा तिथे जन्मदाता बापच आहे. दारिद्र्याचा पाश घरात शिरून नात्यांनाही आवळतो, तो असा.

आमच्या वर्गांतून आणि उत्तरपत्रिकांतून मात्र 'ग्रामीण जीवनाचे यथार्थ चित्रण' हा शब्दप्रयोग अजून सुखाने नांदतो आहे. बोली, सण, शिवार, न्याहारी यांची यादी दिली की उत्तर पुरे होते. या कसोटीवर लोंदोनिओची शेळीही यथार्थच ठरेल! विद्यार्थ्यांना आपण याहून साधे प्रश्न विचारायला शिकवावे: जमीन कोणाची? राबते कोण? चित्र कोणासाठी काढले, आणि त्यातून कोणाला वगळले?

रेषेचा आनंद अवश्य घ्यावा. मात्र वाङ्मयाच्या अभ्यासकाने, हातातले पुस्तक मिटण्यापूर्वी, चौकटीबाहेर उभ्या असलेल्या त्या सावकाराचा शोध घेतलाच पाहिजे, असे आम्हांला वाटते.