फूड व्हॅन रोज धुताय? मग रंग तुम्हीच घालवताय

फूड व्हॅनच्या व्हिडिओत मी मेनू, जागा, परवाने, हप्ता सगळं सविस्तर सांगितलं, पण गाडीच्या बाहेरच्या बॉडीचा विषय दोन वाक्यांत उरकला. ती माझी चूक. त्यानंतर माझ्याच बॅचमधल्या नांदेडच्या एका मुलाची गाडी बघितली. फायबर बॉडीची ट्रॉली, जीपला जोडून न्यायची. घेतली तेव्हा लालभडक होती, लोक तिच्यासमोर उभं राहून फोटो काढायचे. दीड वर्षात लाल रंग फिका गुलाबी झालेला, काउंटरच्या खाली पांढरे ओघळ, नावाचं स्टिकर कोपऱ्यात उचकटलेलं. मला म्हणतो, "सर, मी तर रोज धुतो ओ. एक दिवस खाडा नाही."

मी म्हटलं, बाबा, त्यानंच तर झालं.

माझं मत स्पष्ट आहे आणि काही जणांना ते पटणार नाही. आपल्या नांदेड-लातूर भागात गाडी रोज बोअरच्या पाण्यानं धुण्यापेक्षा आठवड्यातून एकदा नीट धुवा आणि वर्षातून दोन-तीनदा तिच्यावर संरक्षणाचा थर द्या. खर्च कमी होतो, पाणी वाचतं आणि गाडी जास्त दिवस नवी दिसते.

आधी पैशाचं बोलू. मुद्रा योजनेत किशोर गटात 50 हजार ते 5 लाखांपर्यंत कर्ज मिळतं आणि आपल्यातली बरीच पोरं त्यातूनच गाडी उभी करतात. हप्ता चालतो तीन ते पाच वर्षं. रंग दीड वर्षात गेला तर उरलेले हप्ते तुम्ही जुनाट दिसणाऱ्या गाडीचे भरताय. त्या मुलाला रंग आणि स्टिकर मिळून 38 हजारांचं कोटेशन आलं, वर गाडी पाच दिवस बंद. उद्या गाडी विकायला काढली तर घेणारा आधी बॉडीवरून हात फिरवणार. तुमच्या पावभाजीची चव तो विचारत नाही.

आता पाणी. आपली जमीन काळी, खाली बेसॉल्टचा खडक, त्यामुळे बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त. घरातल्या गिझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोंडाला जो पांढरा थर बसतो, तोच थर तुमच्या गाडीवर बसतो. मे महिन्यात इकडे पारा 42 च्या पुढे जातो, पत्र्याला हात टेकवत नाही. त्यावर पाणी मारलं की मिनिटात वाळतं. पाणी उडून जातं, क्षार तिथंच राहतात. तेच डाग रोज तापत राहिले की रंगात उतरतात, मग कितीही घासा.

इथं एक गैरसमज मोडतो. "आरओ प्लांटचं वाया जाणारं पाणी फुकट मिळतं, गाडी त्यानंच धुवा," असा सल्ला सर्रास दिला जातो. चाकं, मडगार्ड, खालचा चिखल यासाठी ठीक आहे. बॉडीसाठी बिलकुल नाही. आरओ गोडं पाणी जारमध्ये भरतो आणि क्षार या टाकाऊ पाण्यात गोळा करतो. म्हणजे बोअरपेक्षाही खारट पाणी तुम्ही रंगावर ओतताय! उलट करा. धुणं साध्या पाण्यानं, पण शेवटचं खळबळणं अर्ध्या जारच्या पाण्यानं, आणि लगेच मायक्रोफायबर कापडानं कोरडं. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी धरून ठेवलं तर त्याहून चांगलं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीसुद्धा चालतं, त्यात क्षार जवळपास नसतात.

दुसरा गुन्हेगार म्हणजे कपड्याची पावडर. सोबतीला भांड्याची तारेची घासणी असेल तर विषयच संपला. पावडर क्षारयुक्त असते, रंगावरचं मेण आणि चमक दोन्ही उतरवते. गाडीचा शाम्पू आणा, बाटली महिनोन्महिने पुरते. एक्झॉस्ट फॅनच्या आजूबाजूला तेलाचा चिकट थर साचतो, तिथं मात्र कोमट पाण्यात भांड्यांचं लिक्विड टाकून मऊ स्पंजनं पुसा. थिनर किंवा पेट्रोल लावू नका, स्टिकरची शाई निघते. (हळदीच्या डागाचं टेन्शन घेऊ नका. रस्सा सांडलेला पिवळा डाग उन्हातच बराचसा उडतो. ऊन एवढं एक तरी चांगलं काम करतं.)

धुण्याची पद्धत सांगतो, याच्यात माझ्याही हातून एका गाडीवर ओरखडे पडलेत म्हणून सांगतो. आपल्याकडची धूळ बारीक खडीसारखी काम करते. संध्याकाळी धंदा लावायच्या आधी काउंटरचाच फडका कोरड्या बॉडीवर फिरवायची सवय असते ना, त्या प्रत्येक फटक्यात बारीक ओरखडे उठतात. आधी मगानं पाणी सोडून धूळ वाहू द्या. मग दोन बादल्या घ्या, एकीत शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. स्पंज आधी साध्या पाण्यात पिळायचा, मगच परत शाम्पूत बुडवायचा. वरून खाली यायचं. सकाळी ऊन चढायच्या आत किंवा सावलीत. 40 ते 50 लिटरमध्ये काम होतं. पाइप सोडून धुतलं तर एवढं पाणी चार-पाच मिनिटांतच जातं. प्रेशर गन वापरत असाल तर स्टिकरच्या कडेवर आणि सांध्यांवर जवळून मारू नका.

लातूरकरांना पाण्याचं मी काय सांगणार? एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या फेरीला 10 वाघिणी, साधारण 5 लाख लिटर. ज्या शहरानं ते दिवस पाहिले, तिथं भर रस्त्यात पाइप सोडून गाडी धुणारा दुकानदार गिऱ्हाइकाच्या डोळ्यात भरतो, पण चांगल्या अर्थानं नाही. औसा रोडला उभे राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्या.

आता संरक्षणाचा थर. फायबरच्या बॉडीवर सगळ्यात वर जेलकोट असतो. उन्हातली अतिनील किरणं त्याला खातात आणि पृष्ठभागाची पांढरी भुकटी होते. तपासायचं कसं? काळं कापड घेऊन बॉडीवर दाबून फिरवा. कापडावर पावडर आली तर आधी रबिंग कंपाउंडनं ती मेलेली परत काढावी लागेल, हलक्या हातानं, कारण जेलकोट जाड नसतो. जुने पाण्याचे डाग असतील तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून दोन-तीन मिनिटं लावा आणि धुवून टाका. हे आधी एखाद्या लपलेल्या कोपऱ्यात करून बघा. मगच वर मेण किंवा पॉलिमर सीलंट. मेण आपल्या उन्हात महिना-दोन महिने टिकतं. पॉलिमर सीलंट चार-सहा महिने काढतं, म्हणून मी तेच घ्यायला सांगतो. सिरॅमिक कोटिंगवाले तुम्हाला गाठतील. महागड्या कारला ते शोभतं. तीन लाखांच्या ट्रॉलीवर, हप्ता चालू असताना, मी तरी तो खर्च करणार नाही.

थर संपला की नाही हेही बघता येतं. पाणी शिंपडा. टपोरे थेंब होऊन घरंगळले तर थर शाबूत आहे. पाणी पसरून चिकटून राहिलं तर परत लावायची वेळ झाली.

थर देण्याचे दिवसही ठरवून टाका. पहिला गुढीपाडव्याच्या आसपास, ऊन तापायच्या आधी. दुसरा दसरा-दिवाळीच्या मधल्या कोरड्या दिवसांत. आणि मे संपायच्या आत छताचे, खिडकीचे, दिव्यांचे सांधे बोटानं दाबून बघा. जिथं सिलिकॉन फाटलंय तिथं जुनं खरवडून नवीन भरा. जूनचा पहिला पाऊस तिथूनच आत शिरतो, आतलं प्लायवूड फुगतं आणि लोखंडी सांगाड्याला गंज धरतो. बाहेरून तो कळतो तेव्हा वेल्डरकडेच जावं लागतं.

त्या नांदेडच्या मुलानं 38 हजारांचं काम थांबवलंय. कंपाउंड, सीलंट, दोन कापडं आणि एक आख्खा रविवार, एवढ्यावर समोरची बाजू बरीच परत लाल झाली. उन्हाकडची बाजू मात्र गेली ती गेलीच, तिथं रंग द्यावाच लागणार. पुढच्या व्हिडिओत दोन्ही बाजू शेजारी-शेजारी दाखवतो. तोवर तुमच्या गाडीवर काळं कापड फिरवून ठेवा.